सात नंबरचा व्हिडिओ

३ जुलै

सूनबाई,

तुला पत्र लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ते मोडावं लागतंय, कारण माझ्या पत्त्यावर एक नोटीस आली आहे. माझ्या मुलाने त्याचे सगळे व्हिडिओ इंटरनेटवर ज्या कंपनीकडे साठवले होते, ती ३१ जुलैला ते काम बंद करते आहे. त्याआधी उतरवून घेतले नाहीत, तर सगळं पुसलं जाईल. खातं त्याने लग्नाआधी उघडलेलं, म्हणून पत्ता माझा. पासवर्ड तुझ्याकडे असणार. तो कळव.

फोन करू नकोस. या घरी फोन नको, हे मी त्याच्या तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ते अजून लागू आहे.

तुझ्याबद्दलचं माझं मतही तेच आहे. माझा मुलगा आठ महिने आजारी होता, आणि तू मला कळवलंस ते तो हॉस्पिटलात पोचल्यावर, शेवटच्या आठवड्यात. त्याबद्दल मला आता काही विचारायचं नाही, आणि तू तेव्हाही काही बोलली नाहीस.

पण हे काम वेगळं आहे. फोटो माझ्याकडे भरपूर आहेत. आवाज नाही. वर्ष होत आलं, आणि तो मला 'आई' म्हणायचा तेव्हा शेवटी स्वर वर जायचा की खाली, ते मला आता आठवत नाही. मला त्याचा आवाज हवा आहे.

त्याची आई


८ जुलै

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवला आहे. अक्षरं लहान-मोठी जशी आहेत तशीच टाका. आत गेलात की अकरा व्हिडिओ दिसतील. प्रत्येकाच्या खाली बाण आहे, तो दाबला की उतरायला लागेल.

माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. फोन आहे, त्यात जागा नाही. चष्म्याच्या दुकानातला कॉम्प्युटर फक्त बिलांसाठी आहे आणि मालक त्यावर दुसऱ्या कोणाची सावलीही पडू देत नाहीत. म्हणून अकराही तुम्हीच उतरवून ठेवा. एकही गाळू नका. पुढे कधी मला त्यांची एक प्रत मिळाली, तर बरं होईल.

व्हिडिओ त्यांच्या छोट्या कॅमेऱ्यावरचे आहेत. कामावर लिफ्टच्या बोगद्यात उतरून दोरांचं आणि चाकांचं चित्रण करायला त्यांनी तो घेतला होता. मग घरातही तोच हातात असायचा.

एक विचारू का? हॉस्पिटलातली पिशवी नर्सने तुमच्या हाती दिली, कारण मी तेव्हा अंघोळीला घरी गेले होते. त्यातलं मला काही नको. फक्त त्यांचा चष्मा मिळाला तर पाहा. त्याच्या काचा मीच घासून बसवल्या होत्या.

आपली,
सून


१३ जुलै

सूनबाई,

अकराही उतरवले. एकही चालत नाही.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी आयुष्य काढलं. अख्ख्या शहराच्या नळाचं पाणी माझ्या सहीशिवाय पुढे जात नव्हतं. तेव्हा 'आईंना कॉम्प्युटर जमत नसेल' असं समजू नकोस. नावं दिसतात. दाबलं की काळा चौकोन उघडतो आणि 'फाइल खराब आहे' असं लिहून येतं. काही तर तेवढंही न सांगता मिटतात.

खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर आपणहून आले. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, आणि म्हणाले, "वहिनी, जमाना फार पुढे गेला हो." मी म्हटलं, "जमाना जाऊ दे, तुमचा चष्मा कपाळावरच राहिलाय." मग त्यांना चहा द्यावा लागला.

माझ्या बाजूने काही चुकलेलं नाही. सकाळी कामाला बसते, एकेक बाण दाबते, नाव आलं की पुढचा. सगळे झाले की उठते आणि प्लग काढते. जागा सोडताना प्लग काढायचा, ही प्रयोगशाळेतली शिस्त. आमच्याकडे एकदा शेगडी चालू राहून अख्खं कपाट जळलं होतं.

तेव्हा दोष तिकडचा असावा. काय ते बघून कळव. महिना निम्मा होत आला आहे.

त्याची आई


१७ जुलै

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्रातच उत्तर सापडलं. प्लग काढू नका.

बाण दाबला की नाव लगेच येतं, पण व्हिडिओ मागाहून हळूहळू येत राहतो. नळाखाली हंडा लावला म्हणजे भरला असं नाही. तुम्ही प्लग काढलात तेव्हा सगळे हंडे अर्धे होते. ते अर्धे पुसून टाका आणि पुन्हा उतरवा. या वेळी एका वेळी एकच लावा, आणि 'पूर्ण झालं' असं दिसेपर्यंत कॉम्प्युटर चालू राहू द्या. झोपायला गेलात तरी चालू राहू द्या. काही जळत नाही.

ते कॉम्प्युटर तुम्हाला द्यायला निघाले, तेव्हा म्हणाले होते, "आई याला पण शिस्त लावेल." आठवलं म्हणून लिहिलं.

आपली,
सून


२४ जुलै

सूनबाई,

व्हिडिओ चालले. अकराही शेवटपर्यंत पाहिले.

एकालाही आवाज नाही.

स्पीकर बिघडला असेल असं लिहू नकोस. तो मी तपासला. त्याच स्पीकरवर सकाळच्या बातम्या ऐकल्या, जुनं एक भाषण ऐकलं, सगळं स्वच्छ. उपकरण ठीक असेल तर दोष नमुन्यात असतो, हे मला कोणी शिकवायला नको. याचा अर्थ आवाज काढून टाकलेला आहे. कोणी, ते मी विचारत नाही. पासवर्ड एकाच माणसाकडे होता.

आणि चित्रात काय आहे? तू. अकराच्या अकरा ठिकाणी तू. तू कपडे वाळत घालतेस, तू लिंबू कापतेस, तू खिडकीत उभी राहून हसतेस. माझा मुलगा एकाही चित्रात नाही. त्याची सावली एकदा भिंतीवर आली, तेवढीच. मी आवाज मागितला होता, तू मला तुझा अल्बम पाठवलास.

सातव्याबद्दल लिहिते, कारण तो मी पुन्हा पुन्हा पाहिला. मागच्या वर्षीची १२ एप्रिल ही तारीख त्यावर आहे. तू टेबलाशी बसून त्याच्या चष्म्याचा स्क्रू आवळते आहेस. टेबलावर फोन उजळतो. तू तो उचलतेस, त्याच्याकडे बघतेस, मान हलवतेस, काहीतरी तावातावाने बोलतेस, आणि फोन पालथा ठेवून देतेस. मग उठून कॅमेऱ्यावर हात ठेवतेस. संपलं.

ती तारीख मला पाठ आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा फाटकापर्यंत चालून गेले, आणि हे सांगायला त्याला फोन केला. तो उचलला गेला नाही. का, ते वर्षभर माहीत नव्हतं. आता डोळ्यांनी पाहिलं.

महिनाअखेरीला कंपनीकडचं सगळं जाईल. माझ्याकडचंही मी त्याच दिवशी पुसणार आहे. असलं काही मला घरात नको.

त्याची आई


२७ जुलै

ती. आईंना,
नमस्कार.

पुसू नका. रागवायचं ते नंतर रागवा, पण आधी हे पूर्ण वाचा. महिना संपला की ते व्हिडिओ जगात फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर राहतील.

ते चित्रात नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात आहे. अकराही वेळा. मी ज्याच्याकडे बघून हसते आहे, ते तेच आहेत. आणि सगळ्यांत आवाज आहे. ते सतत बोलतात. कॅमेरा हातात आला की त्यांचं तोंड थांबत नसे, तुम्हाला माहीत आहे.

मी काही काढलेलं नाही. मला ते काढता येतही नाही. दुकानात आमच्याकडे रोज असा एक तरी येतो. तो म्हणतो काच खराब, मालक म्हणतात डोळे खराब. दोन्ही चांगलं असतं, नंबर जुळलेला नसतो. त्यांचा कॅमेरा बोगद्यातल्या कामासाठी होता आणि आवाज वेगळ्या तऱ्हेने भरायचा. तुमचा कॉम्प्युटर जुना. त्यातला व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम चित्र ओळखतो, पण त्या तऱ्हेचा आवाज ओळखत नाही, म्हणून गप्प बसतो. बातम्यांचा आवाज साध्या तऱ्हेचा, तो चालतो. तुम्ही स्पीकर तपासलात ते बरोबर केलंत, पण तो नमुना वेगळा होता.

दुसरा एक प्रोग्राम फुकट मिळतो. त्याचं नाव आणि कुठून घ्यायचा ते चिठ्ठीवर लिहिलं आहे. तो बसवा आणि व्हिडिओ त्यात उघडा. पहिल्याच व्हिडिओत ते तुमची नक्कल करतात. तुम्हाला हवा होता तो आवाज त्यात आहे.

सातव्याबद्दल. कुठला व्हिडिओ कुठला, हे मला माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचून कळलं. तो असा साठवलेला राहिला असेल, असं मला वाटलंही नव्हतं. माझी एक विनंती आहे. दहा ऐका. सातवा तेवढा आवाजाशिवाय राहू द्या. त्यात मी वाईट दिसते, तशीच दिसू द्या. तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटतं, ते वाटू द्या. त्याने माझं काही अडणार नाही.

सून


१९ ऑगस्ट

चि. सूनबाईस,

उत्तराला उशीर झाला. मी आजारी नव्हते.

प्रोग्राम बसवला. सातवा सगळ्यांत आधी लावला. जो नमुना तपासू नका म्हणतात, तो आधी तपासायचा, ही जुनी खोड आहे. तू ती गृहीत धरायला हवी होतीस.

मी ऐकलं ते खाली लिहिते आहे. तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. पण मी काय ऐकलं, हे तुला माझ्या हातचं लिहून मिळालं पाहिजे. मागच्या पत्रात मी उलट लिहिलं होतं, तेही माझ्याच हातचं होतं.

फोन वाजतो. तू म्हणतेस, "आईंचा आहे. उचल."

तो म्हणतो, "नको. आवाजावरून ओळखेल ती."

"मग मी उचलते आणि सांगते. मला नाही जमत हे आता. कालच्या फोनवर मी त्यांना म्हटलं, तू साइटवर गेलास. तू तिथे सोफ्यावर ओकत होतास."

"अगं, तिची काठी सुटू दे. आता कुठे उभी राहतेय. हे कळलं तर ती परत खाटेला खिळेल, नाहीतर काठी टेकत इथे येईल आणि आपल्या घराचा दवाखाना करेल. तुला दर तासाला लघवीची बाटली तपासायला लावेल."

मग तो हसतो. तू हसत नाहीस.

"काठी सुटली की मीच जाऊन सांगतो. माझी शपथ."

"आणि नाही सुटली तर? मला विचारतील त्या, का कळवलं नाहीस. तेव्हा मी काय सांगू?"

"सांग, मीच नको म्हणालो."

"वा! तुझ्यावर ढकलू? ते मी कधीच सांगणार नाही. तो कॅमेरा बंद कर आधी."

फोन अजून वाजत असतो. तू तो पालथा ठेवतेस. मग तुझा हात येतो.

तू मान हलवलीस ती त्याला 'उचलू नकोस' म्हणून नव्हे. तो उचलत नव्हता म्हणून. आवाज नसताना दोन्ही सारखंच दिसतं. मी चित्रावरून निकाल दिला. रंग न बघता, नुसता वास घेऊन पाण्यावर सही करावी, तसं केलं. प्रयोगशाळेत कोणी असं केलं असतं, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं.

माझी काठी अजून सुटलेली नाही. त्यामुळे तो कधीच सांगायला आला नसता. जूनमध्ये मला भेटायला आला तेव्हा मी म्हटलं, "वाळलास रे, बायको जेवायला घालत नाही का?" तो म्हणाला, "घालते ना. चमच्याने." मला वाटलं चेष्टा करतोय. आणि मग त्याने विचारलं, "काठीशिवाय दोन पावलं टाकून दाखवतेस?" मी म्हटलं, "उद्या." दुखत होतं, म्हणून उद्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो गेला.

हे तुला माहीत नसेल म्हणून लिहिलं. याचं काय करायचं ते माझं मी बघेन. तू त्याचं ओझं घेऊ नकोस. तेच टाळायला तू सातवा ऐकू नका म्हणालीस, एवढं मला कळतं.

तू त्याला अरे-तुरे करतेस, हे मला नव्यानेच कळलं. असो. तो तुला 'चष्मेवाली' म्हणतो, हेही.

बाकीचे दहा मी ऐकले. पहिल्यातली माझी नक्कल बरी नाही, मी अशी बोलत नाही. 'आई' म्हणताना त्याचा स्वर शेवटी वर जातो. आता आठवणीवर अवलंबून राहायला नको.

आणखी एक. आता मला व्हिडिओ लावता येतात. म्हणून मी हॉस्पिटलातल्या पिशवीतला कॅमेरा काढला. तो वर्षभर तसाच होता. मी तो तुला दिला नाही, कारण तू मागितला नाहीस, आणि मागितला असतास तरी दिला नसता. त्यातल्या कार्डावर एकच व्हिडिओ आहे, शेवटच्या आठवड्यातला. चित्रात मी आहे. खाटेजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले आहे, तोंड उघडं, काठी मांडीवर. चित्र हलतं आहे, कॅमेरा त्याच्या हातात आहे. तो अगदी हळू बोलतो, मला जाग येऊ नये म्हणून. पहिलाच शब्द आहे, "चष्मेवाली".

तिथे मी बंद केला. हाक ज्याला मारली, बोलणं त्याचं.

पुढच्या शुक्रवारी, २९ तारखेला, मी येते आहे. तुझ्या दुकानातच देईन, पोस्टाने असल्या वस्तू पाठवत नाहीत. मला आणायला कोणाला पाठवू नकोस. आणि रडारड नको, तिथे गिऱ्हाइकं असतात.

फोनबद्दल मी जे सांगितलं होतं, ते रद्द समज.

आशीर्वाद.
आई


२३ ऑगस्ट

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

या. दुपारच्या सुट्टीत दुकानात मी एकटीच असते. मालक जेवून झोपतात ते शेजारचं शटर धाडकन पडलं तरी उठत नाहीत. दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. मी बाहेर उभी असेन, तेवढं चालवून घ्या.

तुमचं पत्र मी काचा घासायच्या यंत्रापाशी बसून वाचलं. एका गिऱ्हाइकाची काच त्यात जास्त घासली गेली. ती माझ्या पगारातून जाईल, पण ते सांगायला हे लिहीत नाही. त्यांनी नको म्हटल्याचं तुम्ही ऐकलंत, मी सांगितलं नाही. एवढं तरी ते मान्य करतील.

वाटलं होतं, कधी ना कधी तुम्हाला कोणीतरी सांगेल आणि मला मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही. तुम्हाला ते एकटीने ऐकावं लागलं, याचंच वाईट वाटत राहिलं. तुम्ही त्याचं ओझं घेऊ नकोस म्हणालात. मी घेतलेलं नाही. पण ते काठी सुटायची वाट बघत होते, म्हणजे तुम्ही चालायची वाट बघत होते, एवढंच त्यात आहे. दुसरं काही त्यात घालू नका.

येताना तुमचा चष्माही आणा. पहिल्या पत्रापासून ओळी उजवीकडे खाली घसरतायत. नंबर वाढलाय.

आपली,
सून


२९ ऑगस्ट, शुक्रवार

दिल्या-घेतल्याची नोंद. जागा: चष्म्याचं दुकान, काउंटर. देणारी आणि घेणारी दोघी हजर.

दिलं:

१. चष्मा, एक. डाव्या काचेवर बारीक चरा. स्क्रू घट्ट.

२. मनगटी घड्याळ, एक. बंद. सेल घातलेला नाही, मुद्दाम.

३. कामावरचं जाकीट, एक. खिशात लिफ्टचं तेल लागलेली चिंधी होती, ती तशीच ठेवली आहे. धुतलेलं नाही.

४. पेन ड्राइव्ह, एक. त्यात व्हिडिओ अकरा, अनुक्रमाने. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर लावून दोघींनी तपासले, आवाजासह. मालक झोपले होते.

ठेवून घेतलं:

हातरुमाल, एक. घेणारीने हरकत घेतली नाही.

देणारीचा चष्मा नव्या नंबरासाठी दुकानात राहिला. पुढच्या आठवड्यात घेणारी तो घरी आणून देईल.

५. सगळ्यांत शेवटी दिलेला कॅमेरा, एक. कार्ड आत आहे, व्हिडिओ एक. देणारीने तो पहिल्या हाकेपर्यंत ऐकला आहे. पुढचा कोणी ऐकलेला नाही. आवाज चालू ठेवून पाहावा.

देणारी: आई
घेणारी: चष्मेवाली